उपसलेलं पाणी टाकायचं कुठे?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की नाशिकच्या सराफ बाजारात आणि दहीपुलाला दर पावसाळ्यात पाणी शिरतं, तर सरळ हॉलंडसारखे मोठे पंप आणून बसवा, ती माणसं समुद्राच्या खाली राहून कोरडी राहतात आणि आपल्याला एक बाजारपेठ कोरडी ठेवता येत नाही. त्यांची तळमळ अगदी खरी आहे, बाजारातल्या ओळखीच्या दुकानदारांचा भिजलेला माल उचलायला मी पण गेलोय, त्यांची तोंडं बघवत नाहीत. पण माझं सगळं आयुष्य पंप दुरुस्तीत गेलं, मोनोब्लॉकपासून नदीवरच्या उपसा योजनांच्या मोठ्या व्हर्टिकल पंपांपर्यंत सगळं हातातून गेलंय, आणि मुलगी हॉलंडमधे रॉटरडॅमला राहते म्हणून तिथून जवळच्या किंडरडाइक गावच्या जुन्या पवनचक्क्या आतून चढून बघायला मिळाल्या. तेव्हापासून त्या विषयावर मिळेल ते वाचत असतो. त्यामुळे त्या पत्राला उत्तर द्यावंसं वाटलं. पत्र मोठं होणार आहे, जागेअभावी कापावं लागलं तर बाकी कुठेही कापा पण खाली साठवणीच्या तळ्याचा भाग येतो तेवढा ठेवा ही विनंती.

पहिली गोष्ट, आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की हॉलंडच्या पवनचक्क्या म्हणजे पीठ दळायच्या. दळायच्या होत्याच, लाकूड कापायच्या होत्या, तेल काढायच्या होत्या, पण किंडरडाइकला ज्या १९ ओळीने उभ्या आहेत, ज्यांचा फोटो कॅलेंडरवर असतो, त्या सगळ्या पाणी उपसायच्या आहेत. म्हणजे पंपहाऊसच. फक्त मोटरच्या जागी वारा. बहुतेक १७३८ ते १७४० या दोन-तीन वर्षांत उभ्या राहिल्या आणि १९९७ला युनेस्कोने जागतिक वारशात घेतल्या. एका बाजूला विटांच्या गोल आठ, समोर गवताने शाकारलेल्या अष्टकोनी आठ, आणि मधून पाण्याचे लांबच लांब कालवे.

आता तिथे पवनचक्क्या लागल्याच का, हे समजून घेतलं पाहिजे, खरी गंमत तिथे आहे. तो भाग नद्यांच्या मधला, जमीन दलदलीची, खाली कुजलेल्या वनस्पतींचा काळा स्पंजासारखा थर, ज्याला पीट म्हणतात. पूर्वी लोकांनी चर खणले, पाणी नदीकडे काढून दिलं आणि शेती सुरू केली. तेव्हा जमीन नदीपेक्षा उंच होती, त्यामुळे पाणी आपोआप जायचं, ओहोटीला नदी खाली गेली की दरवाजा उघडायचा, भरतीला बंद करायचा, एवढंच काम. पण त्या पीटमधलं पाणी काढलं की ते दबतं, वर हवा लागली की हळूहळू कुजून संपत जातं, जमीन खचते. दुसरीकडे बांध घातल्यामुळे नदीचा गाळ नदीतच बसायला लागला, तिचं पात्र वर आलं. म्हणजे शेत खाली चाललंय आणि नदी वर चाललीय. काही पिढ्यांनी दरवाजा उघडून पाणी जाईना, तेव्हा ते उचलून टाकायची वेळ आली. वाऱ्यावर पाणी उपसायच्या चक्क्या हॉलंडमधे १५व्या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत. चक्की आली, पाणी अजून खोलवर उपसता आलं, जमीन अजून वाळली, अजून खचली, मग अजून उपसा. आज त्या देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे, सगळ्यात खोल जागा ६.७६ मीटर खाली, आणि त्यातला बराच भाग निसर्गाने खाली ठेवलेला नाही, उपसून उपसून खाली गेलाय. हे मी मुद्दाम सांगतोय. पंपाने प्रश्न सुटला असं त्यांच्या इतिहासात एकदाही झालेलं नाही, प्रत्येक वेळी पंपाने पुढच्या पंपाची गरज तयार केली.

आता ती चक्की चालते कशी. जो चक्कीवाला आम्हाला आत घेऊन गेला तो मोठ्या मनाचा माणूस, मी पंपवाला आहे कळल्यावर त्याने सगळ्यांना खाली सोडलं आणि मला थेट वर नेलं, शिडी इतकी उभी की दोर धरून चढावं लागतं. वरची टोपी पूर्णच्या पूर्ण फिरते. वारा ज्या दिशेने येतो तिकडे पात्यांचं तोंड करावं लागतं, त्यासाठी टोपीला मागून लाकडी शेपटी असते जमिनीपर्यंत आलेली, तिच्या खाली एक मोठं हातचाक, साखळी जमिनीतल्या खुंटाला अडकवायची आणि चाक पायाने हाताने दाबत दाबत टोपी वळवायची. सगळं टनावारी वजन, आणि एकटा माणूस वळवतो. पाती चार, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २८ मीटर, जमिनीला जवळजवळ टेकतात. म्हणून या चक्क्यांना समोरासमोर दोन दारं असतात, ज्या बाजूला पाती फिरत असतील त्याच्या उलट्या दाराने ये-जा करायची. आत कुटुंब राहायचं हे लक्षात घ्या, पोरंबाळं, चूल, भिंतीतल्या कपाटासारख्या पलंगात झोपायचं, आणि बाहेर एवढी मोठी पाती सुँ सुँ करत जाणार. अजूनही बऱ्याच चक्क्यांत भाडेकरू राहतात आणि चक्की फिरवणं हे त्यांचं काम असतं.

पात्यांवर कापडाची शिडं बांधतात. वारा कमी असला तर पूर्ण उलगडायची, जोर वाढला तर अर्धी गुंडाळायची, वादळ असलं तर नुसती लाकडी जाळी पुरे. समोरून बघितलं तर पाती घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. पात्यांच्या आडव्या दांड्यावर आत भलंमोठं लाकडी चाक, त्याला लाकडाचे दाते. त्या दात्यांत एक आडवं छोटं चाक अडकतं आणि तिथून एक सरळसोट उभा लाकडी शाफ्ट वरपासून खालपर्यंत येतो. खाली परत तसंच, उभ्या शाफ्टवरचं चाक मोठ्या उभ्या चाकात आणि त्याच्या आडव्या दांड्यावर पाणी उचलायचं चाक. दात्यांना मधमाशीचं मेण लावतात आणि मानेच्या बेअरिंगला, जे दगडाचं असतं, डुकराची चरबी. आम्ही ग्रीस गन घेऊन फिरलो त्यामुळे मी तो चरबीचा डबा बोट घालून बघितला, मऊ, वास नाही, आणि तो दांडा हाताने ढकलला तर इतका हलका सरकला की खरं वाटेना. नंतरच्या काळात वरचा दांडा ओतीव लोखंडाचा आला पण दाते लाकडाचेच ठेवले, कारण दाता तुटला तर एकच बदलायचा, सुतार दुपारपर्यंत करून देतो. ब्रेक म्हणजे वरच्या मोठ्या चाकाभोवती लाकडाच्या ठोकळ्यांचा पट्टा, त्यावर एका जड तुळईचं वजन. दोर ओढला की तुळई उचलून आकड्याला अडकते आणि चक्की सुटते, परत दोर ओढून आकड्यातून सोडवली की वजनाने ब्रेक लागतो.  मात्र सोसाट्याच्या वाऱ्यात ब्रेक नुसता घासत राहिला तर लाकूड पेटतं, अशा किती चक्क्या जळाल्यात.

खालचं पाणी उचलायचं चाक म्हणजे उलटी पाणचक्की समजा, पाणी चाकाला फिरवत नाही, चाक पाण्याला ढकलतं. सहा मीटरच्या आसपास व्यास, त्याला फळ्या, आणि ते चाक विटांच्या अरुंद चरात इतकं घट्ट बसवलेलं की बाजूने पाणी निसटायला जागा कमीत कमी. चांगल्या वाऱ्यात मिनिटाला ४०-५० घनमीटर पाणी फेकतं, म्हणजे आपल्याकडचे दहा हजार लिटरचे टँकर मिनिटाला चार-पाच. पण उंची मात्र साधारण दीडच मीटर. हे आपल्या भाषेत जास्त डिस्चार्ज आणि कमी हेडचं मशीन. जास्त उंची हवी असली तर एकामागे एक चक्क्या लावायच्या, पहिलीने दीड मीटर उचलून दुसरीच्या तोंडात द्यायचं, दुसरीने तिसरीच्या. नंतर तिरक्या पन्हळीत फिरणारा मोठा स्क्रू आला, आपल्याकडे कारखान्यात स्क्रू कन्व्हेअर असतो तसा पण पाण्यासाठी. १६३४ साली लायडनच्या सायमन हुल्सबोसला त्याचं पेटंट मिळालं, त्याने एकाच टप्प्यात चार-पाच मीटर पाणी चढतं.

आणि आता ती गोष्ट जी बघून मी खरंच थबकलो. चाकाच्या पुढे, जिथे उचललेलं पाणी वरच्या कालव्यात पडतं, तिथे एक लाकडी दार आहे. एका बाजूने बिजागरीवर टांगलेलं, नुसतं. चाक पाणी ढकलायला लागलं की पाण्याच्या रेट्याने ते आपोआप उघडतं, आणि वारा पडून चाक थांबलं की वरच्या पाण्याच्याच दाबाने परत बंद होतं. कोणी हात लावायचा नाही, रात्री वारा पडला तरी चक्कीवाला झोपेतून उठायची गरज नाही. आमच्या धंद्यात ज्याला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात तो हाच, जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच्या लाकडात. मी तिथे खाली वाकून बघत बसलो, मुलगी म्हणाली बाबा बोट चुकेल चला. पण मला तिथेच कळलं की हे लोक पाणी उचलायच्या आधी उचललेलं पाणी परत येणार नाही याचा विचार करून बसले होते.

यापुढचा भाग कापू नका.

पाणी उचललं, पण टाकायचं कुठे? थेट नदीत नाही टाकता येत, कारण पावसाळी दिवसांत नदीच वर असते, तिचंच पाणी बांधाला लागलेलं असतं. म्हणून मधे साठवणीचं तळं ठेवलेलं आहे, त्याला ते बूझेम म्हणतात. किंडरडाइकला तर दोन पायऱ्या. लांबच्या शेतांतलं पाणी तिथल्या छोट्या चक्क्या खालच्या बूझेममधे टाकणार, किंडरडाइकच्या चक्क्या ते खालच्यातून वरच्यात चढवणार, आणि वरच्यात ते थांबून राहणार, लेक नदी उतरेपर्यंत. नदी उतरली की दरवाजे उघडले, पाणी स्वतःच्या वजनाने गेलं. म्हणजे फोटोत चक्क्यांच्या मधे जो गवताळ, वेतासारख्या झाडांचा, बदकं पोहणारा मोकळा भाग दिसतो आणि आपल्याला वाटतं की किती छान मोकळी जागा पडलीय, ती पडलेली नाही, राखलेली आहे. ती पाण्याची जागा आहे. चक्क्या जितक्या महत्त्वाच्या तितकीच ती. ती बुजवून प्लॉट पाडले असते तर १९ चक्क्या दुसऱ्या दिवशी बंद.

आणि त्याच्यावर एक नियम होता. अशा तळ्यांना पाण्याची एक वरची खूण ठरलेली असायची. पाणी त्या खुणेला लागलं की सगळ्यांनी चक्क्या थांबवायच्या, वारा कितीही चांगला असो आणि स्वतःचं शेत बुडत असो. कारण अजून पाणी टाकलं तर तळ्याचा बांध फुटेल आणि मग सगळेच जातील. बऱ्याच ठिकाणी एक ठराविक चक्की इशारा द्यायची, दिवसा निशाण चढवून, रात्री कंदील लावून, आणि तो दिसला की बाकीच्यांनी ब्रेक लावायचे. विचार करा, आपल्या गव्हात गुडघाभर पाणी आहे, सुंदर वारा सुटलाय, आणि लांब एक कंदील दिसतो म्हणून चक्की बांधून ठेवायची. आपलं पाणी शेजाऱ्याच्या अंगावर टाकून आपण कोरडे व्हायचं नाही, एवढा साधा करार, आणि तो मोजपट्टीवर लिहिलेला. मोजमापाचं तर वेडच त्यांना, अॅमस्टरडॅमला १६८४ साली पाण्याच्या पातळीची खूण संगमरवरी दगडांत कोरून पाण्याच्या दरवाज्यांवर बसवली, आजही त्या देशाची सगळी उंची त्याच शून्यापासून मोजतात.

आपल्याकडे पण खूण आहे की. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, हे नाशिकमधे लहान पोराला पण कळतं, २००८ला, २०१६ला, २०१९ला सगळं गाव ते बघायला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, लोटलं होतं. पण आपल्या खुणेला कुठला नियमच जोडलेला नाही. छातीला पाणी लागलं की काय थांबवायचं? आपण फोटो काढतो आणि घरी येतो.

हे चक्की चालवणारे आणि थांबवणारे कोण होते तेही सांगतो, कारण पंपाच्या मागे माणसं असतात. तिथे पाणी सांभाळणारी वेगळी मंडळं आहेत, गावची पंचायत वेगळी आणि पाण्याची वेगळी. १३व्या शतकापासूनची, म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव होते तेव्हाची. राइनलंडचं मंडळ १२५५ पासूनचं धरतात. बांधाला लागून ज्याचं शेत त्याने तेवढा बांध राखायचा, नाही झेपत तर जुन्या रीतीप्रमाणे बांधात फावडं रोवून जमीन सोडून जायचं, ते फावडं जो उपटेल त्याची जमीन आणि त्याच्यावर बांधाची जबाबदारी. कडक वाटेल पण पाणी कोणाची अडचण ऐकत नाही. आज अशी २१ मंडळं आहेत, त्यांची दर चार वर्षांनी निवडणूक होते, आणि पाण्याचा वेगळा टॅक्स आहे, मुलीच्या घरी त्याचं वेगळं बिल येतं. पैसा त्याच कामाला जातो, दुसऱ्या खात्यात वळत नाही.

आणि हे आपल्याला परकं आहे असं कृपा करून कोणी म्हणू नका. आपल्याच जिल्ह्यात बागलाणात, मोसम आणि आरम नदीवर, पलीकडे साक्रीकडे पांझरेवर, फड पद्धत तीनशे वर्षांहून जास्त चालली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक. पाटकरी पाणी फिरवणार, जागल्या पिकं राखणार, पाट साफ करायला सगळ्यांनी उतरायचं, आणि नदीला पाणी कमी आहे असं दिसलं की कुठले फड भिजणार आणि कुठले नाही हे बसून ठरवायचं. पाणी जास्त असतं तिथे डच लोकांनी जे केलं तेच पाणी कमी असतं तिथे आपल्या लोकांनी केलं. माझ्या कामानिमित्त त्या भागात जायचो तेव्हा म्हातारे पाटकरी बघितलेत, हातात फक्त एक फावडं आणि कुणाची टाप नव्हती त्याच्या पाळीत दारं मोडायची. हे ज्ञान परक्याचं नाही, आपल्या घरातलं आहे आणि डोळ्यांसमोर नाहीसं होत चाललंय.

मोठ्या कामांबद्दल थोडक्यात सांगतो. बीमस्टर नावाचं तळं १६१२ला कोरडं केलं, ४३ चक्क्या लावून, सात हजार हेक्टरच्या वर जमीन, आणि मधे १६१०ला वादळात बांध फुटून सगळं परत भरलं होतं, तरी परत उपसलं. तिथला मोठा कारागीर यान लेखवाटर. त्याने पुढे १६४१ला १६० चक्क्या लावून हार्लेमचं प्रचंड तळं उपसायचा आराखडा मांडला, पण तेव्हा तो झाला नाही. शेवटी वाफेच्या इंजिनांनी १८४९ ते १८५२ मधे ते उपसलं, एका पंपहाऊसला त्याचंच नाव दिलं. दुसऱ्याचं, क्रुकियसचं, इंजिन आज म्युझियम आहे, सिलेंडरचा व्यास १४४ इंच, बारा फूट! आम्ही चार इंची सिलेंडरला मोठा म्हणायचो. आज त्या तळ्याच्या तळावर स्किपॉलचा विमानतळ आहे. स्केर्मरला १६३५ला ५२ चक्क्या लागल्या होत्या, त्या १९२८ला विजेच्या पंपांनी बंद केल्या, ११ उरल्यात. किंडरडाइकला १८६८ला वाफेचा पंप आला, मग डिझेल, आता मोठे स्क्रू पंप. पण दुसऱ्या महायुद्धात इंधन मिळेना तेव्हा त्याच जुन्या चक्क्यांनी परत पाणी उपसलं, कारण त्या मोडून भंगारात घातल्या नव्हत्या. आजही वापरायच्या स्थितीत ठेवल्यात. चक्की चालवायचं शिकायला लोक स्वतःच्या वेळेत येतात, त्यांची संघटना १९७२ पासून आहे, आणि ही विद्या २०१७ला युनेस्कोच्या यादीत गेली. शिवाय चक्कीच्या भोवती चारशे मीटरच्या टापूत काय बांधता येईल आणि झाडं किती उंच वाढू द्यायची यावर बंधनं असतात, कारण वारा अडला तर चक्की नुसतीच शोभेची. वाऱ्याच्या वाटेला सुद्धा कायद्याने राखलंय हो.

आता सराफ बाजाराकडे येतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. आपल्याकडे उतार आहे, गंगा वाहती आहे, पाण्याला जायला वाट निसर्गाने दिलीय. ज्यांना उतारच नाही त्यांची मशीन आपण मागतोय. बाजारात पाणी येतं ते दोन वाटांनी. एक, गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि खालच्या ओढ्यांनी भर घातली की नदीच वर चढते. दोन, जोराचा पाऊस झाला की गावातलं पाणी सरस्वती नाल्याकडे धावतं आणि नाला झाकलेला, आत किती गाळ आहे ते वरून दिसत नाही, त्याला सामावेना की ते रस्त्यावर येतं. आणि दोन्ही एकदम झालं, नदी चढलेली आणि वरून पाऊस, तर नाल्याचं तोंडच नदीच्या पाण्याखाली जातं आणि फुगवटा मागे सरकतो. या तिसऱ्या वेळेला पंपाचा उपयोग आहे, हे मी मान्य करतो. नाल्याच्या तोंडाला त्या चक्कीसारखं आपोआप मिटणारं दार आणि आत पंप, असं करता येईल. पण दार मिटल्यावर गावातून येणारं पाणी थांबणार कुठे?

साधा हिशोब करून बघा. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळं सिमेंट असल्यामुळे सगळं वाहून आलं तर ते एक लाख घनमीटर पाणी होतं. किंडरडाइकच्या एका चक्कीला पूर्ण वारा असताना तेवढं उपसायला तेहतीस तास लागतील. आजचा मोठा पंप कितीतरी जास्त उचलतो हे बरोबर, पण आपला पाऊस तेहतीस तास थांबत नाही, तो दोन तासांत पडून मोकळा होतो. म्हणून पंप कितीही मोठा घेतला तरी पाण्याला थोडा वेळ बसायला जागा लागतेच. त्या जागा आपल्याकडे होत्या. नाल्यांच्या काठच्या सखल जागा, मळ्यातले चर, विहिरी, वाड्यांच्या मागच्या परसातली उघडी माती. वाघाडी, नासर्डी, सरस्वती, हे नुसते नाले नव्हते, पाण्याच्या वाटा होत्या. आता कुठे भिंती आल्या, कुठे झाकणं. प्रत्येक नवीन प्लॉटवाला मुरूम टाकून आपली लेव्हल शेजाऱ्यापेक्षा फूटभर वर घेतो, पाणी शेजाऱ्याकडे जातं, शेजारी पुढच्या वेळी दीड फूट घेतो. सगळ्यात जुना माणूस, ज्याचं घर सगळ्यात आधी होतं, तो खड्ड्यात राहतो. डच लोकांची जमीन उपसून खाली गेली, आपली जुनी घरं भर टाकून खाली चाललीत. कंदील बघून चक्की थांबवण्याचा करार इथे हवा आहे, पंप त्याच्यानंतर.

खुद्द डच लोक आता काय करतायत ते बघा. १९९५ला नद्यांना इतकं पाणी आलं की अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी सगळीकडे बांध नुसते उंच केले नाहीत, तीसहून जास्त ठिकाणी नदीला जागा परत दिली. नाइमेखन शहरात वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला आणि बाजूने नवीन पात्र खोदलं, त्यासाठी घरं हलवावी लागली, लोक चिडले, बैठका झाल्या, पण केलं. ज्यांनी आठशे वर्षं पाण्याला ढकललं ते आता नदीला म्हणतायत ये, बस. आणि आपण त्यांचा जुना पंप मागायचा?

२०२७च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत, घाट, रस्ते, पूल, पैसा येणार आहे. काँक्रीट ओतायच्या आधी कुठला नाला कुठून जात होता आणि त्याची पूररेषेतली मोकळी जागा कुठली उरलीय हे एकदा नकाशावर जाहीरपणे आलं पाहिजे. यात आपलं वर्तमानपत्र मोठं काम करू शकतं. पावसाळ्यात तुम्ही धरणाचा विसर्ग किती क्युसेक ते रोज छापताच, त्याच चौकटीत दुतोंड्या मारुतीची पातळी आणि प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी पाणी किती आहे ते छापा. त्यासाठी नाल्यांच्या तोंडाशी साध्या रंगवलेल्या मोजपट्ट्या लागतील, त्याला काही कोटी लागत नाहीत, पेंटर आणि लेव्हलचं मशीन पुरे, मी माझ्या ओळखीचा सर्व्हेअर घेऊन एक दिवस यायला तयार आहे. दुसरं, वाचकांना आवाहन करा, जुने नाशिककर, पंचवटीकर, ज्यांच्याकडे वाड्याचे जुने नकाशे, मोजणीचे कागद, पुराच्या खुणा मारलेले भिंतीचे फोटो असतील त्यांनी ते तुमच्याकडे पाठवावेत. आमच्या गल्लीत एका वाड्याच्या ओट्याच्या दगडावर पुराची जुनी रेघ कोरलेली आहे, ओटा पाडायचं चाललंय, त्याच्या आधी तिची उंची घेऊन ठेवतो आणि तुम्हाला कळवतो.

आणि ज्या गृहस्थांनी पंपाचं पत्र लिहिलं त्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांची हरकत नसेल तर दहीपुलापासून नाल्याच्या कडेने गंगेपर्यंत आपण दोघं एकदा चालत जाऊ, मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी.

आपला नम्र,
एक निवृत्त पंप मेकॅनिक, पंचवटी, नाशिक